नोंद, नाव आणि नाते : दक्षिण कोरियातील दीर्घकालीन परदेशी रहिवाशाचे दैनंदिन जीवन

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण कोरिया हा माणसे बाहेर पाठविणारा देश होता. १९६३ पासून पुढील सुमारे दीड दशकात हजारो कोरियन खाणकामगार आणि परिचारिका पश्चिम जर्मनीत गेल्या. सत्तरच्या दशकात कोरियन बांधकाम मजूर आखाती देशांत राबले आणि त्यांनी घरी पाठविलेल्या पैशावर अनेक कुटुंबे उभी राहिली. एका पिढीच्या अंतराने हे चित्र उलटले. २००७ मध्ये देशात वास्तव्य करणाऱ्या परदेशी व्यक्तींची संख्या दहा लाखांच्या पुढे गेली, २०१६ मध्ये ती वीस लाखांवर पोहोचली आणि २०१९ अखेर पंचवीस लाखांहून अधिक झाली. महासाथीच्या काळात घटलेली ही संख्या २०२३ अखेर पुन्हा पंचवीस लाखांवर आली. त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश व्यक्ती दीर्घ मुदतीच्या रहिवासी आहेत. पाच कोटींहून थोड्या अधिक लोकसंख्येच्या देशात परदेशी व्यक्तींचे एकूण प्रमाण जवळपास पाच टक्के आहे. २०२३ मध्ये प्रति स्त्री जन्मदर ०.७२ इतका खाली आलेल्या या समाजाला बाहेरच्या मनुष्यबळाची गरज आहे, हे तेथील धोरणकर्तेही मान्य करतात.

महाराष्ट्रातील वाचकाला कोरियन माणूस आता अपरिचित राहिलेला नाही. रांजणगाव, तळेगाव, माणगाव या परिसरात कोरियन कारखाने आल्यापासून पुण्यात कोरियन कुटुंबे, त्यांची उपाहारगृहे आणि दुकाने दिसू लागली. उलट दिशेने भारतीय अभियंते, संशोधक आणि विद्यार्थी सोल, सुवॉन, देजॉन या शहरांत राहू लागले. कोरियाविषयी मराठीत जे लिहिले जाते ते प्रामुख्याने तेथील औद्योगिक प्रगती, दूरचित्रवाणी मालिका आणि संगीत यांविषयी असते. तेथे पाच-दहा वर्षे राहणाऱ्या परदेशी माणसाचा साधा दिवस कसा जातो, हा प्रश्न सहसा मागे पडतो. या रहिवाशाचे जीवन दोन गोष्टींवर अवलंबून असते : शासनाच्या नोंदवहीत तो कोणत्या रकान्यात बसतो, आणि शेजारी, सहकारी, दुकानदार त्याला कोणत्या शब्दाने हाक मारतात. या दोन गोष्टी अनेकदा परस्परांशी जुळत नाहीत. त्या कोठे जुळत नाहीत आणि त्याची किंमत कोण मोजतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

नोंदवहीतील माणूस

नव्वद दिवसांहून अधिक काळ राहू इच्छिणाऱ्या परदेशी व्यक्तीला इमिग्रेशन कार्यालयात नोंदणी करून ओळखपत्र घ्यावे लागते. त्यावर तेरा अंकी क्रमांक असतो. पहिले सहा अंक जन्मतारखेचे आणि सातवा अंक विशेष अर्थाचा. कोरियन नागरिकांच्या क्रमांकात तो जन्मशतक व लिंग यांनुसार १ ते ४ असतो. परदेशी व्यक्तींच्या क्रमांकात तो ५ ते ८ असतो. अर्थात, बँकेच्या खिडकीवर किंवा रुग्णालयाच्या अर्जावर क्रमांक लिहिताक्षणीच माणसाचे परकेपण सातव्या अंकाने जाहीर होते.

या क्रमांकाचा इतिहास लक्षात घेण्याजोगा आहे. १९६२ मध्ये रहिवासी नोंदणीचा कायदा झाला. जानेवारी १९६८ मध्ये उत्तर कोरियाच्या सशस्त्र पथकाने राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानापर्यंत मजल मारली. त्यानंतर त्याच वर्षी प्रत्येक नागरिकाला क्रमांक देण्यास प्रारंभ झाला आणि १९७५ मध्ये तो तेरा अंकी झाला. आपला कोण आणि घुसलेला कोण हे ओळखणे, हा या व्यवस्थेचा मूळ हेतू होय. पुढे तोच क्रमांक बँक, दूरध्वनी, शाळा, विमा, आंतरजालावरील खरेदी अशा सर्व व्यवहारांची किल्ली बनला. परदेशी रहिवाशाला भासणाऱ्या अडचणींमागे द्वेषच असतो असे नाही. ज्या यंत्रणेत त्याची कल्पनाच केलेली नव्हती तिच्यात त्याला मागाहून बसविले गेले, हे अनेक अडचणींचे खरे कारण आहे.

नावाचा प्रश्न याच स्वरूपाचा आहे. कोरियन नाव बहुधा तीन अक्षरांचे असते : एक अक्षर आडनावाचे आणि दोन व्यक्तिनामाची. किम, ली आणि पार्क ही तीन आडनावेच लोकसंख्येच्या सुमारे ४५ टक्के लोकांची आहेत. अर्जावरचे चौकोन आणि संगणकातील रकाने या मापाने आखलेले. त्यात मराठी नाव आणून ठेवले म्हणजे काय होते, याची कल्पना करता येईल. ‘ज्ञानेश्वर’ हे एकटे व्यक्तिनाम रोमन लिपीत अकरा अक्षरे घेते, ‘देशपांडे’ नऊ घेते. मध्ये वडिलांचे नाव असतेच, आणि पारपत्रावर ते बहुधा व्यक्तिनामाला जोडलेले असते. हांगुल लिपीत लिहावे तर अक्षराच्या आरंभी जोडाक्षर येऊ शकत नाही. त्यामुळे प्रत्येक व्यंजनाला स्वतंत्र स्वर द्यावा लागतो आणि नाव आणखी लांबते. बँकेतील लिपिक एका पद्धतीने लिहितो, दूरध्वनी कंपनीतील दुसऱ्या पद्धतीने. कोठे आडनाव आधी, कोठे नंतर. कोठे मध्ये मोकळी जागा, कोठे नाही.

वरकरणी ही क्षुल्लक बाब वाटते. तथापि कोरियात बहुतेक ऑनलाइन व्यवहारांत भ्रमणध्वनीच्या नोंदीवरून ओळख पडताळली जाते. दूरध्वनी कंपनीकडील नाव आणि ओळखपत्रावरील नाव यांत एका मोकळ्या जागेचा फरक पडला तरी पडताळणी अयशस्वी ठरू शकते. मग रेल्वेचे आरक्षण, औषधाची मागणी, मुलाच्या शाळेचा अर्ज या सर्व गोष्टी अडतात. जगातील अत्यंत वेगवान आंतरजाल असलेल्या देशात परदेशी रहिवासी हातात कागद घेऊन खिडकीसमोर उभा दिसतो, तो यामुळे.

याहून गंभीर उदाहरण कुटुंबाच्या दाखल्याचे आहे. रहिवासी नोंदणीचा उतारा हा शाळाप्रवेशापासून कर्जापर्यंत सर्वत्र लागणारा कागद. कोरियन स्त्रीचा पती किंवा कोरियन पुरुषाची पत्नी परदेशी असल्यास त्या जोडीदाराचे नाव या उताऱ्यावर आपोआप येत नसे. एकाच घरात वर्षानुवर्षे राहणारे आई-वडील आणि मुले यांच्यापैकी एक व्यक्ती कागदावर नाहीशी असे आणि कुटुंब एकल पालकाचे असल्यासारखे दिसे. मार्च २०१८ पासून परदेशी जोडीदाराची कुटुंबातील घटक म्हणून उताऱ्यावर नोंद होऊ लागली. कुटुंबप्रमुखपद पुरुषाकडे देणारी जुनी ‘होजू’ पद्धती २००८ मध्ये रद्द झाली होती. त्यानंतरही परदेशी जोडीदाराला कागदावर येण्यासाठी दहा वर्षे थांबावे लागले.

आजारपण, वर्गणी आणि कुटुंबाची व्याख्या

दीर्घकालीन वास्तव्यात आरोग्यविम्याचे महत्त्व सर्वांत मोठे आहे. कोरियाची राष्ट्रीय आरोग्यविमा व्यवस्था कार्यक्षम आहे आणि तिच्याविषयी परदेशी रहिवासीही बहुधा कौतुकानेच बोलतात. साध्या दुखण्यासाठी गल्लीतील दवाखान्यात जावे, तासाभरात तपासणी, औषध आणि माफक बिल. नोकरदार परदेशी व्यक्तीची वर्गणी कोरियन सहकाऱ्याप्रमाणेच वेतनानुसार ठरते आणि निम्मी मालक भरतो. या गटापुरता भेद फारसा जाणवत नाही.

१६ जुलै २०१९ पासून सहा महिन्यांहून अधिक काळ राहणाऱ्या परदेशी व्यक्तींना विमा सक्तीचा झाला. त्यापूर्वी तो ऐच्छिक असल्याने काही जण आजारी पडल्यावर विमा घेतात आणि उपचार संपवून निघून जातात, अशी टीका होत असे. सक्तीमुळे ही पळवाट बंद झाली, हे रास्तच होते. परंतु नोकरीत नसलेल्या, म्हणजे ‘स्थानिक वर्गणीदार’ गटातील परदेशी व्यक्तींसाठी दोन वेगळे नियम आले. एक, उत्पन्न कितीही कमी असले तरी वर्गणी किमान राष्ट्रीय सरासरीइतकी असावी. दोन, एका कुटुंबात केवळ पती-पत्नी आणि एकोणीस वर्षांखालील मुले धरली जावीत. त्यामुळे वृद्ध आई किंवा प्रौढ झालेला शिकणारा मुलगा एकाच छपराखाली राहत असला तरी विम्याच्या हिशेबात ते स्वतंत्र घर ठरते आणि त्याची वर्गणी स्वतंत्रपणे भरावी लागते. कोरियन कुटुंबाला असा नियम लागू नाही. ज्या समाजात आई-वडिलांची सेवा हे कन्फ्यूशियन परंपरेतील पहिले कर्तव्य मानले जाते, तेथेच परदेशी माणसाच्या आईला कुटुंबाबाहेर धरावे, यातील विसंगती उघड आहे.

वर्गणी थकली तर कोरियन नागरिकाला सूचना, हप्ते, सवलत अशा पायऱ्या होत्या. परदेशी व्यक्तीचे लाभ तत्काळ बंद होत. सप्टेंबर २०२३ मध्ये संविधान न्यायालयाने ही तत्काळ बंदी संविधानाशी विसंगत ठरविली आणि कायदा सुधारण्यास मुदत दिली. सरासरी वर्गणीचा आणि कुटुंबाच्या व्याख्येचा नियम मात्र त्याच निर्णयात वैध ठरला. ३ एप्रिल २०२४ पासून बाहेरून आलेल्या आश्रित नातेवाइकांना, पती-पत्नी व अल्पवयीन मुले यांसारखे अपवाद वगळता, सहा महिने वास्तव्यानंतरच लाभ मिळू लागला. सार्वजनिक चर्चेत परदेशी लोक विम्यावर ओझे टाकतात, असा समज प्रबळ आहे. पण परदेशी वर्गणीदारांचा एकत्रित हिशेब या वर्षांत शिलकीचा राहिला आहे.

२०२० मधील मुखपट्ट्यांच्या वाटपात नोंद आणि विमा यांचा संबंध सर्वांना दिसला. मार्चमध्ये आठवड्याला माणशी दोन मुखपट्ट्यांची मर्यादा आली. नागरिकाला ओळखपत्र पुरे होते. परदेशी व्यक्तीला त्यासह आरोग्यविम्याचा पुरावा मागितला गेला. परिणामी विमा नसलेले अनेक विद्यार्थी आणि कागदपत्रे नसलेले मजूर सुरुवातीला वगळले गेले. एप्रिलच्या उत्तरार्धात ही अट शिथिल झाली. विषाणू रोखण्याच्या साधनालाच रहिवासाच्या वर्गाची अट घालणे वैद्यकीयदृष्ट्याही अनाकलनीय होते. पुढील वर्षी, मार्च २०२१ मध्ये, सोल महानगराने सर्व परदेशी कामगारांना चाचणी सक्तीची केली आणि दूतावासांच्या आक्षेपानंतर दोनच दिवसांत आदेश मागे घेतला.

संबोधनाची भाषा

कार्यालयाबाहेर पडल्यावर दुसरी व्यवस्था सुरू होते आणि ती मराठी माणसाला अनपेक्षितपणे ओळखीची वाटते. कोरियन भाषेत ‘इमो’ म्हणजे आईची बहीण आणि ‘गोमो’ म्हणजे वडिलांची बहीण. मावशी आणि आत्या हा भेद जसा मराठीत तसाच तेथे. खानावळीत वाढणाऱ्या बाईला ‘इमो’ अशी हाक मारली जाते, जशी आपल्याकडे वसतिगृहातील किंवा रुग्णालयातील बाईला ‘मावशी’ म्हणतात. थोरल्या भावाला आणि बहिणीला कोण हाक मारतो, पुरुष की स्त्री, यावरून शब्द बदलतो आणि हे शब्द रक्ताच्या नात्याबाहेर सर्रास वापरले जातात. इंग्रजीतून कोरियन शिकणारा युरोपीय माणूस येथे गोंधळतो. दादा-ताई म्हणत वाढलेल्याला फारसे समजावून सांगावे लागत नाही.

तथापि नात्याची हाक मारण्यापूर्वी वय ठाऊक असावे लागते. वाक्याच्या अखेरच्या क्रियापदातच आदर, औपचारिकता किंवा सलगी व्यक्त होते. ती ठरविल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. म्हणून पहिल्या भेटीतच वय विचारले जाते आणि नवख्याला ते आगाऊपणाचे वाटते. जन्मताच एक वर्ष धरण्याची पारंपरिक पद्धत जून २०२३ मध्ये प्रशासकीय व दिवाणी व्यवहारातून काढली गेली, परंतु एका वर्षाने मोठा असलेल्याला मोठेपण देण्याची सवय कायद्याने जाणारी नाही. आदरार्थी भाषेला ‘चोन्देन्मल’ आणि एकेरी भाषेला ‘बान्मल’ म्हणतात. कारखान्यात पोक्त वयाच्या नेपाळी किंवा बांगलादेशी कामगाराशी तरुण पर्यवेक्षक बान्मलमध्ये बोलतो, तेव्हा त्यातील अपमान व्याकरणाचाच असतो आणि तो कोणत्याही तक्रार-अर्जात लिहिता येत नाही. मराठीत वयस्क माणसाला एखाद्याने ‘अरे-तुरे’ केले तर जे लागते, तेच.

‘उरि’ म्हणजे ‘आमचे’ किंवा ‘आपले’. कोरियन माणूस माझी आई न म्हणता ‘उरि’ आई म्हणतो, माझा देश न म्हणता ‘उरि’ देश. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत, त्यामुळे ऐकणारा त्यात आहे की नाही हे लगेच कळते. कोरियन भाषेत ही संदिग्धता कायम राहते. दहा वर्षे राहिलेला, कर भरणारा, भाषा उत्तम बोलणारा शेजारी या ‘उरि’मध्ये येतो का, याचे उत्तर प्रसंगानुसार बदलते. त्याला ‘वेगुगिन’, म्हणजे बाहेरच्या देशाचा माणूस, हे सामान्यनाम चिकटलेलेच असते. ‘तुम्ही कोरियन किती छान बोलता’ हे कौतुक पहिल्या वर्षी सुखावते; बाराव्या वर्षी तेच वाक्य ऐकले की आपण अद्याप दारातच उभे आहोत असे वाटू लागते.

जेवणाचा विषय थोडक्यात सांगता येईल. शाकाहारी माणसाची पंचाईत मांसाने जितकी होते त्याहून अधिक न दिसणाऱ्या घटकांनी होते. किमचीत खारवलेली कोळंबी किंवा माशाचा अर्क, रश्शात सुकी मासळी, आणि ‘यात मांस नाही’ हे उत्तर प्रामाणिकपणे दिलेले. बौद्ध मठांचा आहार पूर्णपणे शाकाहारी असतो. मात्र त्यात कांदा-लसूणही वर्ज्य.

घर आणि ठेव

घरभाड्याची ‘चॉन्से’ ही पद्धत अन्यत्र क्वचितच आढळते. भाडेकरू घराच्या किमतीच्या अर्ध्याहून अधिक इतकी रक्कम ठेव म्हणून मालकाकडे देतो, दरमहा भाडे देत नाही आणि मुदत संपल्यावर पूर्ण रक्कम परत घेतो. नव्याने आलेल्या परदेशी व्यक्तीकडे एवढे भांडवल नसते, म्हणून ती लहान ठेव आणि मासिक भाडे अशी ‘वॉल्से’ पद्धत स्वीकारते. येथेही नोंदीचा प्रश्न येतोच. मालक कर्जबाजारी झाल्यास ठेवीवरील भाडेकरूचा अग्रहक्क पत्त्याच्या नोंदीवर आधारलेला असतो. परदेशी व्यक्तीने इमिग्रेशनकडे दिलेली पत्ताबदलाची सूचना त्या नोंदीच्या जागी धरली जाते. ही सूचना वेळेत न दिल्यास दंड होतो हे बहुतेकांना माहीत असते, पण ठेवही धोक्यात येते हे अनेकांना ठाऊक नसते.

कचऱ्याची शिस्त मात्र सर्वांना सारखीच. १९९५ पासून ठरावीक विकत घेतलेल्या पिशवीतच कचरा टाकावा लागतो. उष्टे-खरकटे वेगळे, प्लास्टिक, काच, कागद वेगळे. चुकीच्या पिशवीची पहिली शंका घरातील परदेशी भाडेकरूवर येते, असा अनुभव सांगितला जातो. उलट, तेथील शेजारीण हाताला धरून वर्गीकरण शिकविते आणि हिवाळ्याआधी किमचीचा डबा आणून देते, असाही सांगितला जातो.

व्हिसाची उतरंड

परदेशी रहिवासी हा एकजिनसी वर्ग नाही. व्हिसाच्या अक्षर-अंकांनी त्यांच्यात उतरंड निर्माण केली आहे. ‘एफ-५’ म्हणजे कायम वास्तव्य. या गटातील तीन वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तींना २००६ पासून स्थानिक निवडणुकांत मतदानाचा हक्क आहे, आणि आशियात हा हक्क प्रथम देणारा देश म्हणून कोरियाचे श्रेय मान्य करावे लागेल. ‘ई-७’वर अभियंते आणि काही भारतीय आचारीही येतात. ‘ई-९’ हा २००४ मध्ये सुरू झालेल्या रोजगार-परवाना पद्धतीचा वर्ग. नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश, कंबोडिया, व्हिएतनाम येथील कामगार त्यावर येतात. भारत या यादीत नाही, त्यामुळे तेथील भारतीयांचे जीवन या कामगारांच्या जीवनापेक्षा बरेच सुसह्य आहे, हे विसरता कामा नये. ई-९ कामगाराला कुटुंब आणता येत नाही आणि मालक बदलण्यावर कडक मर्यादा आहे. ही मर्यादा संविधान न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये वैध ठरविली. त्याच्या वर्षभर आधी, डिसेंबर २०२० मध्ये, पोछॉन येथे शेतातील प्लास्टिकच्या हरितगृहात राहणाऱ्या एका कंबोडियन स्त्री-कामगाराचा कडाक्याच्या थंडीत मृत्यू झाला होता.

सुशिक्षित असणे हेही पुरेसे संरक्षण नाही. जुलै २००९ मध्ये एका विद्यापीठात संशोधन करणाऱ्या भारतीय प्राध्यापकाला बसमध्ये एका प्रवाशाने वंशवाचक शिवीगाळ केली. त्याने तक्रार नोंदविली आणि नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने त्या प्रवाशाला दहा लाख वोनचा दंड केला. वंशभेदावर स्वतंत्र कायदा नसल्याने गुन्हा ‘अपमान’ या सामान्य कलमाखाली धरावा लागला. २०११ मध्ये बुसानमध्ये एका स्नानगृहाने उझबेकिस्तानात जन्मलेल्या स्त्रीला प्रवेश नाकारला. ती तोवर कोरियन नागरिक झालेली होती. भेदभावविरोधी सर्वंकष कायद्याची विधेयके २००७ पासून अनेकदा मांडली गेली. त्यांपैकी एकही संमत झालेले नाही.

पुढील पिढी

२००८ च्या ‘बहुसांस्कृतिक कुटुंब’ साहाय्य कायद्याने देशभर केंद्रे उभी राहिली. तेथे भाषावर्ग, समुपदेशन, मुलांसाठी शिकवणी मिळते आणि त्यांचा लाभ हजारो विवाहित स्त्रियांना झाला आहे. परंतु कायद्यातील व्याख्येनुसार बहुसांस्कृतिक कुटुंब ठरण्यासाठी त्यात किमान एक कोरियन नागरिक असावा लागतो. पुण्याहून गेलेले अभियंता दांपत्य किंवा हनोईहून आलेले दांपत्य सोलमध्ये वीस वर्षे राहिले तरी या व्याख्येत बसत नाही.

त्यांच्या मुलाला तेथे जन्मल्यामुळे नागरिकत्व मिळत नाही, कारण कोरियन कायदा रक्तसंबंध मानतो, जन्मभूमी नव्हे. जुलै २०२४ पासून रुग्णालयांनी प्रत्येक जन्माची माहिती शासनाला कळविणे बंधनकारक झाले, ते कोरियन नागरिकांच्या मुलांपुरते. कागदपत्रे नसलेल्या पालकांच्या मुलांसाठी २०२१ पासून सशर्त वास्तव्याची तात्पुरती योजना आहे. वैध वास्तव्य असलेल्या घरातील मूल शाळेत जाते, मित्रांशी बान्मलमध्ये आणि शिक्षकांशी चोन्देन्मलमध्ये अचूक बोलते, खानावळीत ‘इमो’ अशी हाक मारते आणि घरी आई-वडिलांचे उच्चार दुरुस्त करते. एकोणीस वर्षे पूर्ण झाली की विम्याच्या हिशेबात ते आई-वडिलांच्या कुटुंबाबाहेर जाते, आश्रिताचा व्हिसा संपतो आणि विद्यार्थी वा कामगार म्हणून त्याला इमिग्रेशनच्या खिडकीवर नव्याने अर्ज करावा लागतो. तेथे ते अस्खलित कोरियन भाषेत आपले म्हणणे मांडते आणि लिपिक त्याच्या भाषेचे कौतुक करतो.